अक्काचा जीवखडा

मी एक जुना जीवखडा आहे. मित्रांनो, जीवखडा म्हणजे काय ते आधी सांगतो. माणूस गेलं की मसणवटीत पाण्याचं मडकं ज्या दगडानं फोडतात, तो दगड. त्यालाच गेलेलं माणूस समजून दहा दिवस घराबाहेर जपायचं, तीळपाणी द्यायचं आणि दहाव्याला पाण्यात सोडायचं. आमची नोकरी दहा दिवसांची. मला चारच मिळाले.

देवासच्या ओढ्यात मी घडलो. घडलो म्हणजे झिजलो, एवढंच. मानमोडीच्या तापाचं ते साल, १९१८. दरबारातला कारकून चिंतामणी याची आई, जिला सगळे अक्का म्हणत, तापाच्या तिसऱ्या दिवशी गेली. खांद्याला चौघं मिळेनात, म्हणून बैलगाडी आणली. चिंतामणीनं माझ्यानं मडकं फोडलं आणि मला फडक्यात बांधून दारच्या कडुनिंबाला टांगलं.

समाचाराला कोणी येत नसे. आलंच तर रस्त्यावरून विचारून जाई. मोरोपंत गुरुजी दहाव्याचं काम तिसऱ्या दिवशीच उरकू लागले होते. दहा दिवस यजमान टिकेल याची खात्री नव्हती.

आमच्याकडे तेवढंही जमलं नाही. तिसऱ्याच दिवशी चिंतामणी तापला. घरात उरली त्याची बहीण मालन आणि तिचं तान्हं बाळ. मालन भावाला पेज पाजी, राखेनं हात घासून धुई, लुगडं बदली, मगच बाळाला घेई.

चौथ्या दिवशी गुरुजी आले. दादा उठत नाही, खड्याचं काय करू, असं मालननं विचारलं. गुरुजींनी आतल्या दाराकडे पाहिलं.

"राहू द्या अजून दोन दिवस, मालूबाई. लागला तर नवा शोधायला नको."

"कुणासाठी लागला तर?"

गुरुजी पायरी उतरले. ते वाईट नव्हते. त्या आठवड्यात एकाच खड्यावर तिघांना पाणी दिलेली घरं त्यांनी पाहिली होती.

ते गेल्यावर मालननं मला झाडावरून काढलं. बायका जात नाहीत त्या काठावर ती गेली. तीळपाणी तिनंच दिलं, "अक्का, एवढंच गं," म्हणाली आणि मला सोडून दिलं.

चिंतामणी वाचला. काठी टेकत अंगणात आला, रिकामं झाड पाहून रागावला. निदान कावळा तरी शिवला का, म्हणाला.

"कावळे तरी किती घरी जातील, दादा? तो खडा राहिला असता तर तुझ्या नावानं लागला असता. मी ठेवला नाही."

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर येऊन त्यानं माझ्या शेजारचा खडा उचलला आणि मोजून दहा दिवस त्यावर पाणी घातलं. मग तो खडाही इथं पाण्यात आला.

मित्रांनो, त्या साली कित्येकांच्या वाट्याला एकही खडा आला नाही. अक्काला दोन मिळाले.

ओढ्यात खेळाल तेव्हा आम्हाला खुशाल भिरकावा. फक्त घरी गेल्यावर हात नीट घासून धुवा, मगच बाळाला घ्या.