म्हाळसाबाईची आरोळी

गुडघ्यांनी दगा दिला आणि म्हाळसाबाईचं मेंढरांमागं जाणं सुटलं. देवगाव फाट्याच्या अलीकडं, डांबरी सडकेला लागूनच त्यांचं पत्र्याचं घर. मुलगा भागवत सकाळीच मेंढरं घेऊन रानात जाई, सून रुपाली कापूस वेचायला. मागं उरत ती आणि तिची चार वर्षांची नात सृष्टी. सारी जिंदगी उघड्या रानात काढलेल्या बाईला ते घर खायला उठलं. मग भागवतनं आपला जुना मोबाईल तिच्या हातात दिला.

"वाचता येत न्हाई तर नसू दे, माय. अंगठा नुसता वर सरकवायचा."

सुरुवातीला सगळं गमतीचं होतं. कुणाच्या लग्नातली नाचणारी म्हातारी, उड्या मारणारी कोकरं, परदेशात भाकरी थापणारी बाई. म्हाळसाबाई एकटीच हसायची. सासूचा वेळ जातोय म्हणून रुपालीलाही बरं वाटायचं.

एका दुपारी विहिरीच्या काठावर रडणारी एक बाई दिसली. तिची भाषा कळत नव्हती, पण तिच्या मांडीवर काय झाकून ठेवलंय ते कळत होतं. म्हाळसाबाईनं ते शेवटपर्यंत पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. तिची स्वतःची पहिली लेक अशीच कालव्यात गेली होती. त्या वेळी म्हाळसाबाई चुकलेली मेंढी वळवायला गेली होती, लेकरावरची नजर तेवढीच हटली होती. त्यानंतर भागवत झाला, आणि त्या लेकीचं नाव घरात कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोबाईलनं तिला दुसरी विहीर दाखवली. मग शेततळं. मग बोअरच्या खड्ड्यात अडकलेलं लेकरू. आणि मग एक धूसर चित्र : खांद्यावर पोतं घेतलेला माणूस, त्याच्या मागं चालणारी छोटी मुलगी, आणि घाबरवणारा आवाज. पोरं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे, सावध राहा.

"ह्याला कसं कळलं गं?" तिनं रुपालीला विचारलं.

"कुणाला, आत्याबाई?"

"ह्या फोनला. माझ्या मनात काय हाय ते."

"तुमी जे बघता तेच ते दाखवतंय. नका ना बघू."

पण बघितल्याशिवाय राहवत नव्हतं. प्रत्येक वेळी वाटे, हे एवढं बघू, ह्यात लेकरू सापडलेलं असंल. चुलीवर दूध उतू जाई. आजारी कोकराला पाणी दाखवायचं राही. रुपाली संध्याकाळी आली की सासू सकाळी बसली होती तिथंच, भिंतीला टेकून बसलेली दिसे. डोळे लाल, तोंडात पाण्याचा थेंब नाही.

एक दिवस भागवत लवकर परतला तर सृष्टी बाजेच्या पायाला बांधलेली. कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी, तिला निरगाठ.

"माय! लेकराला बांधलंस?"

"बाहेर माणसं फिरायलीत."

भागवतनं गाठ सोडली, आईला दोन शब्द बोलला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ते खरंच असंल म्हणा. फाट्यावर बी सगळे तेच बोलायलेत. माझ्या फोनवर बी आलंय." मोबाईल मात्र त्यानं काढून घेतला नाही.

पुढच्याच आठवड्यात झरी गावचा बजरंग खांद्यावर पोतं टाकून त्या बाजूला आला. केस गोळा करून विकायचा त्याचा धंदा. बायका विंचरताना निघालेले केस गुंडाळून ठेवतात, ते तो घेई आणि बदल्यात भांडं नाहीतर पोरांना फुगा देई. "केसावर फुगेऽऽ" अशी त्याची आरोळी सृष्टीनं ऐकली. म्हाळसाबाईनं ऐकली नाही. तिच्या कानाशी मोबाईल मोठ्यानं बोलत होता. सृष्टीनं पत्र्याच्या फटीत आईनं खोचलेले केसांचे गुंतवळ ओढून काढले आणि ती बाहेर पळाली.

लाल फुगा मिळाला. वाऱ्यानं तो सडकेकडं नेला. पोर फुग्यामागं धावली, समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता. बजरंगनं धावत जाऊन तिचा दंड धरला.

म्हाळसाबाईनं मान वर केली तेव्हा तिला एवढंच दिसलं : सृष्टी जागेवर नाही, आणि सडकेवर खांद्याला पोतं लावलेला एक माणूस तिला ओढतोय. हातातल्या काचेत आत्ता जे दिसलं तेच, जसंच्या तसं.

"धरा रेऽऽ! नेलं! पोर नेलं माझं!"

फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलातून माणसं उठली. त्यांना कुणी काही विचारलं नाही, त्यांनीही कुणाला विचारलं नाही. महिनाभर तेच तेच पाहून सगळ्यांची तयारी झालेलीच होती. कुणी सरपण उचललं, कुणी खुर्ची. बजरंग हात जोडून काही सांगत होता, ते आवाजात बुडून गेलं.

सृष्टी रडत आजीला येऊन बिलगली. "आजी, काकाला का मारायलेत? म्या केस दिले. काकानं फुगा दिला."

म्हाळसाबाईला ते ऐकू आलं. "थांबा रे! चुकलं! माझं चुकलं!" ती ओरडत होती. मघाशी एका आरोळीला धावलेल्यांपैकी आता एकाही माणसानं मान वळवली नाही. कडेला दोघं-तिघं मोबाईल उंच धरून उभे होते. गुडघे ओढत ती गर्दीत घुसली आणि बजरंगच्या अंगावर आडवी पडली. एक दांडका तिच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज झाला, तेव्हा कुठं मारणारे हात थांबले.

बजरंग वाचला. परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी खूप केलं, पण त्याचा डावा डोळा गेला. पोलीस फाट्यावरच्या काहींना घेऊन गेले. म्हाळसाबाईनं प्लास्टरमधला हात पोटाशी धरून जबाब दिला, "माझ्या तोंडानं झालं."

मारहाण झाली त्याच संध्याकाळी भागवतच्या मोबाईलवर तिचा व्हिडिओ आला होता. पोरं पळवणारा सापडला म्हणून. मागं ढोल लावले होते, आणि सुरुवातीला तिची आरोळी. "चुकलं" एवढं मात्र कापलेलं.

म्हाळसाबाईनं आपला मोबाईल भागवतच्या पुढ्यात टाकला. "ने हा. पुन्हा मागितला तर देऊ नको. पाया पडले तरी देऊ नको."

आणि तिनं खरंच मागितला. चिडून मागितला, रडून मागितला. मोडक्या हाताचा अंगठा प्लास्टरमधून वरखाली होई, तिला कळतही नसे. एकदा रुपाली न्हायला गेली तेव्हा तिचा फोन उशीखालून काढताना ती सापडली. रुपाली रागावली नाही. ती तिला धरून अंगणात घेऊन गेली आणि कोकरू मांडीवर दिलं. दोघी अंधार पडेपर्यंत बसून राहिल्या. हळूहळू म्हाळसाबाई पुन्हा जेवू लागली, सृष्टीशी बोलू लागली.

मग ती रुपालीला घेऊन झरीला गेली. बजरंगच्या बायकोनं पाणी दिलं आणि ती आत निघून गेली. बजरंग म्हणाला, "तुमी अंगावर पडलात म्हणून जिता हाय, आजी. तुमच्यावर राग न्हाई. पण तुमची आरोळी थांबंना झालीय. गल्लीत कुणी ना कुणी फोनवर तो व्हिडिओ लावतंच. पोतं घेऊन कोणत्या गावात जाऊ?"



परतीच्या एसटीत, पुढच्या सीटवरून तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. धरा रेऽऽ. एक तरुण पाहत होता. म्हाळसाबाई उठली, दांडी धरून त्याच्यापर्यंत गेली.

"बंद कर, बाबा. खोटं हाय ते. त्यानं पोर नेलं नव्हतं. ती ओरडणारी बाई मीच हाय."

तरुणानं तिच्याकडं पाहिलं, एकदा पडद्याकडं पाहिलं. मग त्यानं कॅमेरा चालू केला आणि मोबाईलचा पडदा तिच्याकडं फिरवला. "आजी, हे पुन्हा बोला बरं. नीट, मोठ्यानं."

काचेत तिचं तोंड दिसत होतं. सुरकुत्या, कुंकू, डोक्यावरचा पदर. खरं सांगायची हीच वेळ होती, तिला ते कळत होतं. तोंड उघडं होतं, शब्द मात्र येत नव्हते. डोळे त्या उजेडात अडकून बसले होते, निघता निघत नव्हते.

"आत्याबाई," मागून रुपाली म्हणाली. "आत्याबाई, इकडं बघा."

म्हाळसाबाई बघत राहिली.