ट्रकचा रेडिएटर आणि कच्ची अंडी

आमची गाडी उकळायची ती चढावरच्या तिसऱ्याच वळणावर. तिथं दगडी कठडा होता, कठड्यावर झाडाची गार सावली होती, आणि गाडीलाही ती जागा माझ्याइतकीच आवडत असावी. वळण आलं की ती फुसफुसायची आणि बॉनेटच्या फटींतून वाफेचा असा लोट सोडायची, की खालच्या वस्तीतल्या बाया ढग आला समजून वाळत घातलेले कपडे आत घ्यायच्या.

गाडी जुनीच. तिच्या पहिल्या मालकाचा फोटो त्याच्या पणतवंडांच्या घरात भिंतीवर आहे, आणि त्या फोटोतही बिचारा बॉनेट उघडूनच उभा आहे.

महिन्यातल्या एका रविवारी आम्ही नवराबायको टेकडीवर जेवायला जायचो, बायकोच्या थोरल्या बहिणीकडे. तिसऱ्या वळणावर सक्तीची विश्रांती. बायको पिशवीतून अंडी काढायची, रुमालात बांधून तापलेल्या रेडिएटरवर ठेवायची, आणि आम्ही कठड्यावर पाय सोडून बसायचो. घरात महिनाभर जे बोलणं राहून जायचं ते तिथं व्हायचं. तोवर अंडी तयार. एकदा तर अंड्यातून पिल्लू बाहेर आलं, वाफ पाहून म्हणालं नको रे बाबा, आणि परत आत गेलं. बायको म्हणते असलं काही झालं नाही. पण ती तेव्हा पिशवीत मीठ शोधत होती.

मग वरून साडू यायचा. त्याची गाडी नवीकोरी, आणि डिकीत आमच्यासाठी म्हणून घेतलेली जाडजूड दोरी. आमची गाडी बांधून तो आम्हाला वर ओढत न्यायचा, वाटेत दिसेल त्याला हात करत. आम्ही पोचायचो ते थेट ताटावर.

एका रविवारी जेवताना साडू सगळ्यांदेखत म्हणाला, "यांच्या गाडीला कंपनीनं चाकं उगाच दिली. नुसती दोरी दिली असती तरी भागलं असतं."

सगळे हसले. मीही हसलो, कारण तोंडात घास होता आणि दुसरं काही करता येत नव्हतं. बायकोला मात्र ते चांगलंच झोंबलं.

"ताई, ऐकून ठेव," ती म्हणाली. "यापुढे ही गाडी एकदा जरी उकळली, तर सरळ भंगारात. माझा शब्द आहे."

"वा वा!" साडूला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "भंगारवाला माझ्या ओळखीचाच आहे. आणि काळजी कसली करता? मग मीच येत जाईन की तुम्हाला न्यायला. सकाळी आठच्या ठोक्याला!"

माझी गाडी गेली, की जन्मभर साडूच्या मागच्या सीटवर पट्टा आवळून बसायचं. एवढा मोठा गुन्हा मी अजून केला नव्हता. दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीला घेऊन मी रेडिएटर बघायला निघालो.

आमचा मिस्त्री म्हणजे ठाम माणूस. कोणत्याही दुखण्यावर त्याचा एकच उपाय, तो भाग काढून टाकणं. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी एक झडप असते, ती त्यानं मागेच काढून फेकली होती. "उकळणाऱ्या गाडीत पाणी अडवणारी वस्तू हवीच कशाला?" असा त्याचा सवाल होता, आणि मला तो तेव्हा बिनतोड वाटला होता.

रेडिएटरवाल्याला सगळे बुडबुडे म्हणत. कारण तो रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवायचा, आत हवा सोडायचा आणि बुडबुडे कुठून येतात ते बघत बसायचा. आमचा बुडवला तर हौदाला उकळी फुटल्यासारखं झालं. त्यानं तो उलटा करून झटकला. आतून गळती बुजवायला वेळोवेळी घातलेले साबणाचे तुकडे पडले, मिरीची पूड पडली, लाकडाचा भुसा पडला आणि माझ्या सासऱ्यांची कवळी पडली. ती तिथं कशी गेली हे मला कळलं नाही. सासऱ्यांनी मात्र शेवटपर्यंत माझ्यावरच संशय घेतला होता, हे आठवून वाईट वाटलं.

"यात मूळचा रेडिएटर कुठाय?" बुडबुडे म्हणाला. "नुसते झाळलेले डागच डाग आहेत. एक डाग काढला तर बाकीचे रडत घरी जातील."

"दुसरा दाखव."

त्यानं एक चकचकीत काढला. "ॲल्युमिनियमची जाळी, वरखाली प्लॅस्टिकच्या टाक्या. हलका आहे."

मिस्त्रीनं टकटक केलं. "बादलीसारखा वाजतोय. आणि वरच्या पाइपाचं तोंड डावीकडे. आपलं उजवीकडे आहे. पाइप काय इंजिनाच्या गळ्यात मफलरसारखा गुंडाळू?"

"मग तुमच्याच पितळी टाक्या ठेवतो, मधे तांब्याची नवी जाळी घालतो," बुडबुडे म्हणाला. "मापात बसेल. खरं सांगू का, या गाडीला हाच योग्य."

"गार किती ठेवेल?" मी विचारलं.

"हवी तेवढी."

"हवी तेवढी नको. त्याहून जास्त पाहिजे."

बुडबुड्यानं मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री कोपऱ्यात पाहत होता. तिथं भिंतीला टेकून एक धूड उभं होतं, कपाटाच्या दाराएवढं.

"ते काय आहे?"

"ते ट्रकचं आहे. त्याकडे बघूसुद्धा नका."

"ट्रक कधी उकळला होता?"

"ट्रकचा गिअर मोडला, चेसिस मोडली, ड्रायव्हरचं लग्न मोडलं. उकळला मात्र नाही."

"झालं तर मग," मी आणि मिस्त्री एका सुरात म्हणालो.

बुडबुड्यानं हात टेकले. मिस्त्रीनं गाडीचं नाक कापलं, दिवे कानांपर्यंत सरकवले, हॉर्न काढूनच टाकला. बॉनेट पुरतं मिटेना. दात पुढे आल्यासारखी गाडी सगळ्या गल्लीकडे बघून हसू लागली.

"ही गाडी आहे की गाडीनं गिळलेलं कपाट?" बायको म्हणाली. पण बसली.

आणि पुढच्या जेवणाच्या रविवारी चमत्कार झाला. तिसरं वळण आलं आणि गेलं, तापमानाचा काटा ढिम्म हलला नाही. इंजिन थंडीनं कुडकुडल्यासारखा आवाज काढत होतं, पेट्रोल तहानलेल्या उंटासारखं पीत होतं, पण वाफ म्हणून औषधाला नाही. आम्ही साडूच्या दारात उतरलो तेव्हा त्यांची सकाळची अंघोळसुद्धा उरकली नव्हती. बायकोची मान अशी ताठ, की दारातून आत शिरताना मला तिच्या डोक्याची धास्ती वाटली.

तेवढ्यात साडूनं व्हायोलिन काढलं.

निवृत्तीपासून तो व्हायोलिन शिकत होता, आणि रोज सकाळी जेवणापर्यंत वाजवत होता. आम्ही नेहमी ताटावरच पोचत असल्यामुळे हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं पहिला सूर लावला तशी समोरच्या घरातली खिडकी बंद झाली. दुसऱ्या सुराला भिंतीवरच्या घड्याळानं अंग चोरलं. बहिणीनं बायकोपुढे मटाराचं पोतं ओतलं आणि स्वतः कानांत कापूस घालून आत गेली. आम्ही सोलत राहिलो, तो वाजवत राहिला. मधेमधे थांबून विचारायचा, "कसं वाटलं?" आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा तेच वाजवायचा.

येताना तिसऱ्या वळणावर बायकोनं कठड्याकडे बघितलं.

"छान वारा असतो नाही इथं?"

"असतो."

"मेली उकळत का नाही हो आता?"

पुढच्या खेपेला वळण आलं तशी ती म्हणाली, "थांबवा."

"अगं, काटा हललासुद्धा नाहीये."

"मी सांगते ना, थांबवा!"

थांबलो. तिनं बहिणीला फोन करून एवढंच सांगितलं, की गाडी थांबली आहे, उशीर होईल. सवयीनं अंडी रुमालात बांधून रेडिएटरवर ठेवली. कठड्यावर बसून आम्ही जरा कुठे तोंड उघडतोय, तोच साडूची गाडी उतारावरून भरधाव आली. शेजारच्या सीटवर भंगारवाला, हातात वजनकाटा घेऊन.

"उकळली!" साडू उतरता उतरताच ओरडला. "शब्द म्हणजे शब्द! भंगारवाले, बघून घ्या. आणि साडूराव, पुढच्या महिन्यापासून सकाळी आठला तयार राहायचं बरं का!" त्यानं बॉनेटवर हात ठेवला. मग दुसरा ठेवला. "ही तर थंड आहे."

बॉनेटखालून रुमाल उचलून त्यानं एक अंडं कठड्यावर फोडलं. कच्चं अंडं त्याच्या इस्त्रीच्या बाहीवरून कोपरापर्यंत ओघळलं.

"उकळलीय, तर अंडी कच्ची कशी?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. उकळली म्हणावं, तर गाडी भंगारात. नाही म्हणावं, तर का थांबलो ते सांगावं लागणार, आणि व्हायोलिनचं कारण बहिणीच्या नवऱ्याला सांगायचं म्हणजे तिचं माहेर तुटलं.

"उकळली कोण म्हणालं?" मी म्हणालो. "गोठलीय."

"काय?"

"ट्रकचा रेडिएटर ना. गारव्याला काही धरबंदच नाही. वळणावर वारा लागला आणि आतलं पाणी खडखडीत दगड. मघाशी बॉनेटवर एक कावळा बसला, त्याचे पाय चिकटले. आत्ता कुठे फुंकर घालून सोडवला."

"तरी मी सांगत होते यांना, एवढा मोठा घेऊ नका म्हणून," बायको लगेच म्हणाली आणि अंगावरची शाल काढून तिनं बॉनेटवर पांघरली. "सकाळपासून माझ्या पायांना मुंग्या आल्यात."

साडू आपल्या व्हायोलिनवर विश्वास असलेला माणूस. अशा माणसाला काहीही पटतं. त्यानं भंगारवाल्याकडे पाहिलं.

"मी नाही घेत असली," भंगारवाला काटा मागे घेत म्हणाला. "बर्फ वजनात धरायचा की नाही, यावरून डोकी फुटतात."

"दोरी बांधू का?" साडूनं पडेल आवाजात विचारलं.

"नको नको, ओढली तर आतून तडकेल," मी म्हणालो.

"मग वितळणार तरी कधी?"

बायकोनं शालीवरून हात फिरवला. "जेवणाच्या वेळेपर्यंत," ती म्हणाली.

साडूची गाडी मुकाट्यानं वर गेली. बायको कठड्यावर चढून बसली आणि उरलेलं एक अंडं हातात फिरवून तिनं कानाशी हलवून पाहिलं.

"पुढच्या वेळी," ती म्हणाली, "घरूनच उकडून आणते."