डिस्कवरचा साथिया

मी विधीच्या सायकलचा पुढचा ब्रेक बोलतोय. बोलतोय म्हणजे खरं तर कुरकुरतोय. सहा वर्षं एकच काम करून दमलोय हो. मागच्या चाकाला माझा एक भाऊ आहे, पण उतारावर सगळा भार माझ्याच अंगावर येतो आणि कौतुक मात्र सायकलच्या रंगाचं होतं.

माझी रचना साधी आहे. हँडलवरचा लिव्हर दाबला की नळीतलं तेल खाली सरकतं, ते दोन पॅडना ढकलतं, आणि ते पॅड चाकाबरोबर फिरणारी पोलादी तबकडी, म्हणजे डिस्क, दोन्हीकडून चिमटीत पकडतात. तेलात हवा शिरली तर लिव्हर मऊ पडतो. मग जुनं तेल काढून, नवं भरून ती हवा बाहेर काढायची. याला ब्लीडिंग म्हणतात. नाव ऐकूनच माझा जीव वरखाली होतो.

विधी बँकेत नोकरी करते. पहिल्या पगारातून तिने मला, म्हणजे सायकलला, जळगावात घरी आणलं, तेव्हा तिचे दादाजी सुगनचंद दुकान अर्ध्यावर टाकून बघायला आले. कापडाचे व्यापारी. कुठलाही माल उलटासुलटा करून बघायची सवय. त्यांनी टायर दाबून पाहिले, घंटी शोधली, ती नाही म्हणून नाराज झाले. मग विचारलं, "बेटा, उतारावर तू थांबतेस कशाने?"

विधीने डिस्कवर बोट ठेवलं. "याने, दादाजी."

एवढंच झालं. पण म्हाताऱ्याने ते मनात धरून ठेवलं.

त्याच महिन्यात दसरा आला. या घरात दसऱ्याला कापड मोजायचा गज, कात्री, तिजोरी, स्कूटर, सगळ्यांची पूजा होते. पाण्यातलं कुंकू लोखंडावर टिकत नाही, म्हणून सुगनचंद ते तुपात कालवतात आणि अंगठीच्या बोटाने साथिया काढतात, म्हणजे स्वस्तिक. स्कूटरला त्यांनी समोर काढला. सायकलपाशी मात्र गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि नातीला थांबवणाऱ्या त्या चकचकीत तबकडीवर चांगला ठसठशीत साथिया काढला. उरलेलं तूपही तिथेच पुसलं. "आता माझ्या पोरीला काही होणार नाही," असं म्हणत उठले.

मी कपाळाला हात लावला असता, पण मला ना कपाळ ना हात.

डिस्कला तेलातुपाचा स्पर्श चालत नाही. चाक दोनदा फिरलं, साथिया पुसला गेला आणि तूप माझ्या पॅडमध्ये मुरलं. विधी दुसऱ्या दिवशी निघाली तर मी धरायला जातोय आणि डिस्क चिमटीतून निसटतेय. तिला वाटलं, हवा शिरली असेल.

पुढच्या रविवारी तिला चोपड्याच्या वरचा सातपुड्यातला घाट उतरायचा होता. म्हणून ती कामाला लागली. मेडिकलमधून मोठी सिरिंज आणली, तिला पारदर्शक नळी जोडली, मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बसली. खालून नवं तेल ढकलायचं, वर फुगे येतात का बघायचं, पान्याच्या दांड्याने नळीवर टकटक करायचं. पहिल्या वेळी दोन फुगे आले. दुसऱ्या वेळी एक. तिसऱ्या आणि चौथ्या वेळी माझ्यात हवेचा कणसुद्धा नव्हता, तरी बाई थांबेना. आठवड्यात चारदा माझं आतलं सगळं बाहेर काढलं हो! जीव अगदी मेटाकुटीला आला.

लिव्हर दगडासारखा घट्ट झाला आणि ती खूश झाली. "झालं काम," म्हणाली. मी आतून ओरडत होतो, बाई, तेल नको बघूस, डिस्क बघ! आणि मला घाट दिसत होता, त्याचं वळण दिसत होतं. माझं काही नाही, मी लोखंड. पण ती पोर होती.

शनिवारी सकाळी ती मेहरूणला तलावाकडे गेली. उतारावर तिने मला करकचून दाबलं. मी तापलो, किंचाळलो, पण थांबवू शकलो नाही. केळ्यांची एक हातगाडी वीतभर अंतरावरून गेली. आणि हवेत खमंग वास पसरला.

"तुपात बट्टी कोण तळतंय इथे?" विधी धापा टाकत म्हणाली.

रस्त्याकडेला वना सायकल दुरुस्तीचं दुकान मांडून बसतो. पारोळ्याकडचा माणूस. त्याने चाक हातात घेतलं, डिस्क नाकाशी नेली आणि हसायलाच लागला. "बेन, हवा नही शे. हाई तूप शे. बठ्ठं पॅडमा मुरी गयं. कोनी लायं?"

कुणी लावलं, ते विधीला लगेच उमगलं. पण म्हणाली, "माहीत नाही, वनाभाऊ."

त्याच दिवशी नवी डिस्क आणि नवे पॅड बसले. रविवारी तो घाट मी तिला सुखरूप उतरवून दिला. घरी आल्यावर सुगनचंद सगळ्यांना सांगत सुटले, "बघा, साथियाने राखलं!" माझं नावही कुणी काढलं नाही. आणि ती मुलगी खुशाल म्हणाली, "हो, दादाजी."

तेव्हापासून दरवर्षी तेच नाटक. दसऱ्याच्या सकाळी माझे पॅड काढायचे, सहा स्क्रू खोलून जुनी डिस्क लावायची, दादाजींना साथिया काढू द्यायचा, दुपारी पुन्हा सगळं बदलायचं. जुनी डिस्क माळ्यावरच्या खिळ्याला. स्क्रूंचे आटे झिजले, मीही झिजलो, पण ती एका शब्दाने बोलली नाही.

यंदाही ती सकाळीच पाना घेऊन बसली होती. मागून आवाज आला, "राहू दे, बेटा. चाक नको खोलूस."

सुगनचंद उभे होते. एका हातात पूजेची वाटी, दुसऱ्या हातात ती जुनी डिस्क. साथियावर साथिया चढून लाल झालेली.

"परवा माळ्यावर सापडली. तलावावर जाऊन वनाला विचारून आलो. ज्याने तू थांबतेस, त्यालाच मी तूप चोपडत होतो. सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, दादाजी."

"आणि तू पडली असतीस तर? मग मला काय वाटलं असतं?"

विधीने पाना खाली ठेवला. सुगनचंदांनी वाटीत बोट बुडवलं आणि माझ्या लिव्हरवर एक लहानसा टिळा लावला. "पाण्यातलं आहे. तूप नाही. लगेच निघून जाईल."

आता पॅड ढकलणाऱ्या माझ्या पिस्टनमधून तेल पाझरतं. पुढच्या महिन्यात नवा ब्रेक येणार असं ऐकलंय. येऊ दे, मलाही विसावा हवाय. जाता जाता एवढंच मागतो. ब्रेक लागेना की लगेच सिरिंज घेऊन आमच्या मागे लागू नका. आधी डिस्क नाकाशी न्या. आणि तूप निघालंच, तर ते लावणाऱ्याला त्याच दिवशी सांगा.

दसऱ्याच्या त्या दुपारी विधी तलावापर्यंत एक चक्कर मारून आली. उतारावर तिने मला एकाच बोटाने, अगदी कडेला दाबलं, टिळ्याला धक्का लागू नये म्हणून. एवढ्याशा दाबाने थांबवायचं बळ माझ्यात राहिलेलं नाही. पण थांबवलं.