हत्यारांच्या पंक्तीत बसलेला टॅबलेट

मित्रांनो, मी एक जुना पेन टॅबलेट आहे. माझ्या काळ्या पाठीवर पेन फिरवलं की रेघ उमटते ती समोरच्या संगणकावर! माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला, पण खरं आयुष्य सुरू झालं ते नगरच्या सावेडी भागात, सुहास सरांच्या टेबलावर. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, मसाल्याची पाकिटं, काय काय नाही काढलं मी! सरांनी नवा टॅबलेट आणला आणि मला त्यांच्या विद्यार्थिनीला देऊन टाकलं.

ती राजनंदिनी. तिसगावची. बारावीला ग्राफिक डिझाइन घेतलेलं. रोज एसटीने नगरला यायची आणि मला ओढणीत गुंडाळून दप्तरात ठेवायची. इतकं तर सरांनीही कधी जपलं नव्हतं!

तिचे वडील कानिफनाथ गावात वेल्डिंगचं दुकान चालवायचे. मला पाहिलं की म्हणायचे, "नंदे, बालवाडीत पाटी गिरवून झाली की तुजी. आता परत?"

"अण्णा, हे शिक्षण आहे."

"व्हय व्हय. लई दमतीस बसून बसून."

ती हसायची, पण माझ्यावरचं पेन जरा जास्तच दाबायची. मला कळायचं.

त्या वर्षी तिने तिसगावच्या आठवडे बाजाराचं डिझाइन करायला घेतलं होतं. चिन्ह, फलक, पिशवी, सगळं मिळून बारा पानं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाहेरच्या परीक्षक बाई येणार होत्या आणि पुण्याच्या कार्यशाळेसाठी एकाच विद्यार्थ्याला निवडणार होत्या. नऊ पानं अशी झाली होती की सरांनी ती साऱ्या वर्गाला दाखवली. तीन उरली होती.

खंडेनवमीला सकाळी अण्णांनी ग्राइंडर, पकडी, हातोडे धुऊनपुसून ओळीने मांडले. मग घरात आले, मला दोन्ही हातांनी उचललं आणि त्या ओळीत नेऊन ठेवलं.

"तुजं हत्यार हाय ना हे? मग हितंच बसंल."

हत्यार! मित्रांनो, राजनंदिनीचे डोळे भरून आले. आणि माझं म्हणाल, तर माझा इतका मान आजवर कुणीच केला नव्हता.

हळद लागली. कुंकू लागलं. झेंडूची फुलं पडली. अण्णांनी नारळ फोडला आणि त्याचं पाणी सगळ्यांवर शिंपडलं. हातोड्याचं काय बिघडणार? माझ्या बटणांच्या फटीतून मात्र ते आत उतरलं.

राजनंदिनी फडकं घेऊन धावली.

"हां! पूजेला हात न्हाई लावायचा. उद्या दसऱ्याला सोनं वाटून झालं की उचल."

तिने माझ्याकडे पाहिलं. अण्णांकडे पाहिलं. अण्णा कधी नव्हे ते तिच्याकडे कौतुकाने बघत होते. तिने फडकं मागे घेतलं.

दसऱ्याला संध्याकाळी तिने मला संगणकाला जोडलं. माझा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. मग ती माऊसने तीन पानं काढत बसली. रेघा अडखळल्या, पिशवी वाकडी झाली.

"ही तीन पानं कुणी काढली?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"मीच. टॅबलेट बंद पडला, मॅडम."

"दरवर्षी कुणाचं तरी काहीतरी बंद पडतंच, बाळ."

पुण्याला तिच्या वर्गातला पार्थ गेला.

घरी आल्यावर अण्णांनी विचारलं, "काय म्हनल्या बाई?"

"छान झालं, अण्णा."

बस्स, एवढंच. आता ती बी.कॉम. करते. चित्राचं नाव काढत नाही. अण्णांना वाटतं, पोरीचं मन बदललं. दर खंडेनवमीला ते मला फळीवरून काढतात, ओळीत सगळ्यांत पुढे बसवतात आणि माझ्यावर पाणी शिंपडतात. ती दारातून बघते आणि आत जाते.

मित्रांनो, वस्तूला हात जोडण्याआधी तिला काय सोसतं ते विचारून घ्या. कोरड्या फडक्याने पुसा. आणि आपलं काही बुडत असेल, तर समोरचा कितीही प्रेमाने बुडवत असो, सांगा त्याला. मला तोंड नव्हतं. तिला होतं.