बोनेटाखालचा नमदा

ओरोज म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. गेल्या शुक्रवारी त्याच्याच घरी, त्यानेच वाढलेलं मटण खात, गावच्या म्हाताऱ्या मंडळींसमोर मी त्याला लबाड म्हणालो. तोंडातला घास गिळायलाही थांबलो नाही.

"खटारा गाडी दाजीच्या गळ्यात मारताना लाज नाही वाटली रे तुला?"

"दाजी, दिली तेव्हा गाडी चांगली होती हो."

"चांगली म्हणे! दोलोन खिंडीच्या चढावर जरा रेस दिली की मिसिंग मारते, काळा धूर ओकते. मागे प्रवासी मला शिव्या घालतात. तुमच्या घरातून आलेली एक वस्तू धड नाही!"

बुरुल, माझी बायको, तिथेच चहा ओतत होती. तिने किटली खाली ठेवली आणि भावाकडे न बघता आत निघून गेली. म्हातारे दाढ्या कुरवाळू लागले. मला वाटलं, बरं झालं, चांगली जिरवली त्याची.

राग खोटा नव्हता माझा. डोंगरातल्या नारीनहून राजधानी बिश्केकपर्यंत भाडं मारतो मी, त्या गाडीवर घर चालतं. असतील नसतील तेवढे मिस्त्री करून झाले होते. प्लग बदलले, वायरी बदलल्या, कॉईल बदलली, पंप बदलला. मिस्त्री बोनेट उघडायचा, रेस द्यायचा आणि ही बया अशी गोड चालायची की मीच खोटा पडायचो. "काही झालेलं नाही हिला," म्हणायचा. खिंडीत पोचलो की पुन्हा फट् फट्! तेही रोज नाही, तिच्या मर्जीने.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओरोज आमच्या अंगणात उभा. भांडायलाच आला असणार, म्हणून मी बाह्या सरसावून बाहेर आलो.

"दाजी, चावी द्या," एवढंच म्हणाला.

त्याने प्लग काढले. सगळे काजळीने काळेकुट्ट. "पेट्रोल पोटभर मिळतंय, हवा मिळत नाहीये. घुसमटतेय ही." एअर फिल्टर बघितला, तर तो स्वच्छ. प्लग पुसून लावले, रेस दिली. इंजिन झकास. तो डोकं खाजवत उभा राहिला.

"दाजी, खिंडीत बोनेट उघडं टाकून जाता का हो?"

"डोकं फिरलंय का तुझं?"

"मग मिस्त्री का उघडं ठेवून बघतात? लावा बरं. आणि द्या रेस."

मी आत बसलो, पाय दाबला. क्षणभर ठीक, मग फट् फट् फट्, आणि मागे काळा धूर. त्याने बोनेट उघडलं, इंजिन सरळ. लावलं, पुन्हा तेच. मग तो वाकला आणि इंजिनाऐवजी बोनेटाच्या आतल्या बाजूला बघू लागला. मी घाईघाईने गाडीतून खाली उतरलो.

थंडीत इंजिन गारठू नये म्हणून आम्ही सगळेच बोनेटाला आतून नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेली जाड चटई, तारांनी बांधतो. माझ्या नमद्याची एक तार तुटून कोपरा लोंबत होता, आणि त्यावर वाटीएवढा काळा गोल उमटला होता. इंजिन जोरात श्वास घ्यायला लागलं की हवेची नळी तो कोपरा ओढून तोंडावर घ्यायची. बोनेट उघडलं की नमदाही त्याच्याबरोबर वर जायचा. मिस्त्र्यांना दिसणार कुठून?

ओरोजने तारा तोडून नमदा काढला, अंगठ्याने काजळी पुसली. खालून मेंढ्याच्या शिंगांची लाल नक्षी निघाली, कडेला निळी शिवण.

"हा आईचा आहे," तो हळूच म्हणाला.

सासूबाईंनी बुरुलच्या लग्नासाठी केलेला नमदा. त्या गेल्यावर बुरुलपाशी त्यांच्या हातचं तेवढंच उरलं होतं. मागच्या हिवाळ्याआधी बाजारात जायचा मला कंटाळा आला, पेटीतला नमदा दिसला, कात्री चालवली. बुरुल शोधायला लागली तेव्हा सांगितलं, उंदरांनी खाल्ला, फेकून दिला. चार दिवस रडली होती बिचारी, भावापाशीही.

तेवढ्यात ती चहा घेऊन आली. ओरोजने नमदा झटकन कोटात कोंबला.

"सापडलं का रे?"

"सापडलं, ताई. नळीत कचरा अडकला होता. उंदरांनी आणलेला."

त्याला सगळं कळलं होतं. आणि तरी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही त्याने. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"मेले उंदीर!" बुरुल म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आता कळलं ना? सगळ्यांसमोर बोललात, आता सगळ्यांसमोरच माफी मागा त्याची."

"मागतो," मी म्हणालो. ओरोजच्या कोटातून लाल लोकर बाहेर आली होती. मी हात घालून नमदा ओढला आणि तिच्यासमोर धरला. ओरोज "दाजी, राहू द्या" म्हणत होता. "उंदीर नव्हते गं. मी कापला."

तिने चहा तिथेच जमिनीवर ठेवला. नमदा उलगडला, कापलेल्या कडेवरून हात फिरवला, त्या काळ्या गोलावर थांबली. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर मीही काहीतरी बोललो असतो.

"आमच्या घरातून आलेली एक वस्तू धड नाही म्हणालात," ती म्हणाली. "आणली तेव्हा धड होती हो."