बोटाखालचं बटण

“पूर्ण म्हण,” पिन्हास रोहेकर टॉवरमधल्या माइकवर म्हणाला. “नुसतं ‘समजलं’ चालणार नाही.”

विमानातून गिडियननं कंटाळत परवानगी परत म्हणून दाखवली: धावपट्टीजवळच्या बिकनवर, म्हणजे दिशा दाखवणाऱ्या रेडिओ-खुणेवर यायचं, वर घिरट्या घालायच्या, चार वाजता उतरायला सुरुवात करायची. इस्राएलच्या नेगेव वाळवंटातल्या धुळीत समोरचं काही दिसत नव्हतं. नुसत्या यंत्रांच्या भरवशावर उडणाऱ्याला अशी परवानगी लागे. गिडियन वाढला अश्दोदला, पण आजी ठाण्याची. मराठी समजे, उत्तर मात्र हिब्रूत देई.

त्यानंतर रेडिओ गप्प झाला.

पिन्हासनं हाका मारल्या. उत्तर नाही. लष्कराचा फोन आला: हे मुकं विमान कुणाचं? युद्ध होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मुक्या विमानावर तोफा रोखायला फार वेळ लागत नसे.

“आपलंच आहे,” पिन्हास म्हणाला. “रेडिओ बंद पडला तर वैमानिक कबूल केलेलंच करतो. चारला खाली येईल. तोवर थांबा.”

मागे सुरक्षा अधिकारी दोव उभा होता. त्याचा घरच्या मांजरावरही विश्वास नसावा. “हमी कोण देतं?”

“मी.”

“आणि तुझी?”

मुंबईहून इथं आल्यावर, लग्नाच्या नोंदणीच्या वेळी, तू ज्यू कशावरून, असं पिन्हासला एका साहेबानं विचारलं होतं. अगदी हाच आवाज. पिन्हासला राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. कोकणातल्या ज्यूंच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला तो मराठीत पुटपुटला, “एलियाहू हन्नाबी, पोराला सुखरूप उतरव. मलिदा करीन.”

माइकच्या बटणावरचं बोट उचलायचं राहूनच गेलं होतं. सगळं रेडिओवरून हवेत गेलं.

“कुणाशी बोललास? कुठल्या भाषेत?” दोवनं माइक हिसकावला आणि त्याला खुर्चीवरून उठवलं.

चारनंतर धुळीतून विमान उतरलं. गिडियन जिना चढून आला. “ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं,” तो हिब्रूत म्हणाला. मग चाचरत, मराठीत, “अंकल, मलिदा कधी?”

पिन्हासचे डोळे भरले. दोवनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

“म्हणजे तुलाही ती भाषा येते,” तो गिडियनला म्हणाला. आता संशयित दोन झाले.

चौकशी संपेपर्यंत पिन्हासनं माइकला हात लावायचा नव्हता. दुसऱ्या दिवशी तो कोपऱ्यातल्या टेबलापाशी बसला. डब्यात मलिदा: भिजवलेले पोहे, खोबरं, खजूर. गूळ मिळाला नाही म्हणून साखर. नवसाचं सगळ्यांना द्यायचं असतं, म्हणून एक बशी त्यानं दोवपुढेही ठेवली.

दोवनं वास घेतला आणि बशी परत सरकवली.

“आधी तू.”

पिन्हासनं त्यातला एक घास घेतला, सावकाश चावून गिळला, आणि बशी पुन्हा त्याच्यासमोर ठेवली.