कैरबेकची आंघोळ

तिलेउबायनं एक मेंढा देऊन आपल्या पोराला घराजवळ आणलं होतं. दोन वर्षांपूर्वी कैरबेकला सैन्याचं बोलावणं आलं, तेव्हा कागदावर मुर्मान्स्क असं लिहिलं होतं. पार उत्तरेला, बर्फाच्या समुद्राकाठी. एकुलता एक पोरगा इतक्या लांब जाणार म्हणताच जिलिखानं, तिलेउबायच्या बायकोनं, अंथरूण धरलं. मग एक दिवस तिलेउबायनं कळपातला सगळ्यात धष्टपुष्ट मेंढा भरतीच्या कारकुनाच्या अंगणात नेऊन बांधला, आणि कागदावरचं गावाचं नाव बदललं. पोरगा रेल्वेनं तीन तासांवर असलेल्या तळावर लागला, जिथून रॉकेटं उडत. "डोळ्यांसमोर राहील," असं तिलेउबाय घरी येऊन म्हणाला, आणि त्या दिवशी जिलिखा पोटभर जेवली.

तिलेउबाय रुळांच्या टोळीत कामाला होता. माळरानावरचा तो एवढासा थांबा. पाण्याची टाकी, अकरा घरं, खांबावर टांगलेला रेडिओचा एक भोंगा. वर आकाशात आधी कोण पोचतो यावरून मॉस्को आणि अमेरिका यांच्यात चढाओढ जुंपली होती, आणि त्या भोंग्याला दुसरं काही सुचत नव्हतं. क्षितिजावर आग दिसली की तिलेउबाय हातोडा खाली ठेवून ओरडायचा, "बघा रे, माझ्या पोरानं काडी लावली!"

"त्याला म्हणावं, चंद्रावर गवत आहे का तेवढं बघून ये," टोळीतला सेयिल म्हणायचा. "माझ्या मेंढ्या उपाशी मरतायत."

"तू बस असाच दात काढत. अमेरिकेच्या मेंढ्या आधी पोचल्या, की मग बोंबलशील."

सगळे हसायचे. तिलेउबायची छाती फुगायची. कैरबेक तिथे नेमकं काय करतो हे त्याला माहीत नव्हतं. पोरगा सुट्टीवर आला तरी अवाक्षर बोलायचा नाही. गुपित राखायची सही करून दिली होती म्हणे.

ऑक्टोबर संपता संपता, एका सकाळी मालगाडीच्या शेवटच्या डब्यातून जस्ताची एक पेटी उतरवली. चारी कडा डाग देऊन बंद केलेल्या. सोबत लेफ्टनंट पाखोमोव नावाचा एक रशियन अधिकारी होता. वय असेल चोवीस-पंचवीस. एका हाताला पट्टी, आणि भुवया जळून गेलेल्या. त्यानं तिलेउबायच्या हातात कागद दिला. 'सेवेत असताना वाहन अपघातात मृत्यू.' तिलेउबायनं तो दोनदा वाचला. मग त्यानं पेटीला हात लावला. ती गार होती.

"तो गाडी चालवायचा नाही," तिलेउबाय म्हणाला. "त्याला येतच नव्हती."



दुपारपर्यंत माळावरून माणसं लोटली. घोडे दौडवत, दुरूनच "अरे माझ्या भावा!" असा टाहो फोडत ती येत होती, आणि रिवाजाप्रमाणे तिलेउबाय दारात काठीवर भार टाकून उभा होता. येईल त्याच्या गळ्यात पडून रडत होता. आतून जिलिखाचा आवाज येत होता. तिनं शोकगीत धरलं होतं. त्यात पोराचा जन्म आला, रांगणं आलं, पहिला घोडा आला, आणि मरणापाशी येऊन ती अडली. काय म्हणावं तेच तिला कळेना. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करी आणि पुन्हा तिथेच अडे.

म्हातारे ओराझ आजोबा मयताचं सगळं बघायचे. त्यांनी पाणी तापवायला सांगितलं. "ऊन उतरायच्या आत माती द्यायची. पेटी उघडा, पोराला आंघोळ घालू."

"उघडायची नाही," पाखोमोव म्हणाला. "तसा हुकूम आहे."

मग जो गिल्ला झाला तो विचारू नका. सेयिल तर त्याच्या अंगावरच धावून गेला. "आंघोळीशिवाय पुरायला तो काय कुत्रा आहे? तुझ्या मॉस्कोला विचार, त्यांच्या आईबापांना असंच गाडतात का?"

तिलेउबायनं सेयिलला मागे ओढलं. रागवायचंही त्राण त्याच्यात नव्हतं. त्याला फक्त पोराचं तोंड बघायचं होतं. बघायचं, आणि त्या मेंढ्याबद्दल माफी मागायची. मेलेल्याची माफी त्याच्या तोंडासमोर मागतात, बंद डब्यासमोर नाही.

"साहेब," तो मोडक्या रशियनमध्ये म्हणाला, "मी एकटा जातो. तुम्ही पण चला. दोन मिनिटं. बापाला तेवढं तरी द्या."

"एकटे तुम्ही," पाखोमोव शेवटी म्हणाला. "बाकी सगळे बाहेर."

गोठ्यात चादरी लावून आडोसा केला होता. आत पेटी, पाण्याच्या दोन बादल्या, एक तांब्याची झारी, नवं कोरं कफन. तिलेउबायनं कामावरची छिन्नी आणि हातोडा सोबत आणला होता. त्यानं छिन्नी कडेवर टेकवली, तेवढ्यात पाखोमोवनं तिच्यावर आपला पट्टीचा हात ठेवला.

"बाबा, नका उघडू."

"तुम्ही हो म्हणालात ना?"

"आत यायला हो म्हणालो." त्याचा आवाज एकदम खाली गेला. "मी सही केलीय. हे बोललो तर मला तुरुंग आहे. पण ऐका. रॉकेट इंधन भरून उभं होतं आणि खालून गळत होतं. सगळे म्हणाले, रिकामं करू, मग दुरुस्ती करू. वरून फोन आला, अमेरिकन याच आठवड्यात उडवतायत, थांबायला वेळ नाही. म्हणून भरल्या रॉकेटवर माणसं चढवली. कैरबेक शिडीवर होता. पान्हे देत होता."

"मग?"

"मग काही उरलं नाही, बाबा. त्याच्या कमरेच्या पट्ट्याचं बक्कल सापडलं. त्यावर त्यानं आपलं नाव कोरलं होतं. ते आहे आत. बाकी वाळू आहे. उचलणाऱ्यांना पेटी हलकी लागू नये म्हणून. मीच भरली. मला सांगितलं होतं भरायला."

तिलेउबाय मटकन खाली बसला. पेटीवर कपाळ टेकून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडात मूठ कोंबून तो रडला. मुर्मान्स्कला गेला असता तर पोरगा आज थंडीनं कुडकुडत बापाला शिव्या देत असता. ज्या बापाला त्यानं शिव्या द्यायला हव्या होत्या, त्या बापानंच त्याला त्या शिडीपाशी पोचवलं होतं.

बाहेर कुणीतरी खाकरलं. ओराझ आजोबांचा आवाज आला, "तिलेउबाय, पाणी निवेल."

तिलेउबाय उठला. त्यानं बाह्या वर केल्या, कापडाचा बोळा घेतला आणि झारी पाखोमोवच्या हातात दिली.

"ओता," तो म्हणाला. "बाहेर ऐकू गेलं पाहिजे."

पाखोमोव ओतत होता. निम्मं पाणी त्याच्याच बुटांवर सांडलं. तिलेउबायनं जस्त धुतलं. आधी डोक्याची बाजू, मग उजवं अंग, मग डावं, मग पाय. एकही कोपरा त्यानं सोडला नाही. तीनदा धुतलं, कोरड्या कापडानं टिपलं, आणि कफन पेटीभोवती गुंडाळलं.

चादर बाजूला करून तो बाहेर आला तेव्हा सगळे त्याच्याकडे बघत होते.

"बघितलं," तो म्हणाला. "पोरगा शांत आहे. बाहेर काढायची परवानगी नाही, पेटीसकट न्यायचं."

ओराझ आजोबांनी त्याच्या हातातल्या, जस्ताचा कणही न लागलेल्या छिन्नीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. काय समजायचं ते ते समजले असावेत. "चला, उचला," एवढंच म्हणाले. सहा जणांनी पेटी उचलली. सेयिल पुटपुटला, "केवढा जड झाला होता रे."

बायका कब्रस्तानात जात नाहीत. माती देऊन तिलेउबाय परतला तेव्हा जिलिखा बायकांच्या घोळक्यात चुलीपाशी बसली होती. तिचा आवाज पार बसला होता.

"अहो, तोंड बघितलंत ना त्याचं?"

"बघितलं."

"भाजला-बिजला नव्हता? त्या साहेबाच्या भुवया जळल्यात."

"नाही गं. गाडी उलटली होती. छातीला मार लागला. तोंडावर ओरखडासुद्धा नाही."

"आणि केस? कापले होते?"

"बारीक कापले होते."

जिलिखानं मान डोलावली. मग ती उठली, पेटाऱ्यातून एक कोट काढून घेऊन आली. काळा, लोकरीचा, आतून कोकराच्या कातड्याचा. पोरगा वसंतात सुटून येईल म्हणून तिनं सगळा उन्हाळा बसून शिवला होता. अजून कुणी अंगात घातला नव्हता.

"आंघोळ घालणाऱ्याला मेलेल्याचे कपडे देतात," ती म्हणाली. "तुम्ही घातलीत. हा तुमचा."

"मला नको."

"असं म्हणू नये. तुम्ही त्याला आपल्या हातानं धुतलंत, मला आणखी काय हवं होतं? घ्या. नाहीतर त्याला पोचायचं नाही."

तिलेउबाय उभा राहिला. तिनं त्याचा एक हात बाहीत घातला, मग दुसरा. बटणं एकेक करून ती लावत गेली आणि तिचं अडलेलं शोकगीत पुढे सरकलं. गाडी उलटली, छातीला मार लागला, तोंडावर ओरखडासुद्धा नाही. केस बारीक कापले होते, ती गात होती, बापानं त्याला गरम पाण्यानं आंघोळ घातली.

कोट त्याला बरोबर बसला होता. बाया रडत रडत तिच्या सुरात सूर मिसळत होत्या, आणि तो मधोमध उभा होता.